अठरा इंचांची नळी

“कुठं कापू?” बंदुका दुरुस्त करणाऱ्या मरेनं विचारलं.

बंदूक त्याच्या टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळलेली होती. नळीवर त्यानं खडूनं तीन खुणा केल्या होत्या. पहिली सोळा इंचांवर, दुसरी अठरावर, तिसरी विसावर. मूळची नळी चोवीस इंची होती आणि ती तशीच ठेवायची असली तरी मरेची हरकत नव्हती. त्याला फक्त उत्तर हवं होतं.

मी मामांकडं पाहिलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या बायकोनं, कुंदानं, आम्हा दोघांकडं पाहिलं आणि मग शेडच्या पत्र्याकडं पाहिलं.

“मामा, तुम्ही सांगाल तसं,” मी म्हणालो.

“छे छे, पाव्हणं. बंदूक तुमची, शब्द तुमचा.”

मामा म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार हिंदुराव फडतरे. सातारा जिल्ह्यात काही गावं अशी आहेत की तिथं घरटी एक माणूस फौजेत असतो. मामांच्या घरात तीन होते. सत्तरी ओलांडली तरी ताठ कणा, भरघोस मिशा आणि आवाज असा की परेड मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचावा. हा आवाज लहान करायची कळ त्यांच्यात बसवलेलीच नव्हती.

आम्ही तेव्हा न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला राहायचो. तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा वारा जास्त. मी दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर होतो, कुंदा गावातल्या शाळेत गणित शिकवायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, आशेवर राहणं झालं, आणि एके दिवशी आम्ही दोघांनी शांतपणे ठरवलं की आता पुरे. आमचं बरं चाललं होतं. हे सांगायला लागतं, कारण बाकीच्यांना ते पटत नाही.

मामांना ते पटलं होतं की नाही, कुणास ठाऊक. कारण मामा जुना रिवाज पाळत होते. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. गावाकडं आता हे कोण पाळतो? त्यांचे सख्खे भाऊ जावयाकडं जाऊन कोंबड्या हाणून येत. पण सुभेदार ते सुभेदार. दोन महिन्यांसाठी लेकीकडं आले ते ज्वारीचं पीठ, डाळ, लसणीची चटणी आणि एक बारका स्टोव्ह घेऊन. आमच्या गॅरेजमध्ये त्यांनी चूल मांडली. पाण्याचं काय, असा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. आमच्याकडं छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठायचं. मामांनी टाकीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “हे पाणी वरनं येतंय. म्हंजे देवाचं.” देवाच्या पाण्यावर त्यांची भाकरी होऊ लागली.

कुंदा पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्यासाठी ताट वाढलं, मामांनी ताटाला नमस्कार केला आणि ते गॅरेजमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाढलं. रोज वाढायची, रोज ते ताट झाकून ठेवायची, आणि मी ऑफिसातून आलो की ते गार ताट मला मिळायचं. माझं वजन वाढलं. तिचं बोलणं कमी झालं. एकदा भांडी घासताना ती म्हणाली, “माझ्या घरात माझा बाप स्टोव्हवर भाकरी थापतो. का, तर माझं घर अजून घर झालेलं नाही.” मी तिला समजावू लागलो तर तिनं माझ्या हातात ओलं फडकं दिलं.

आणि तशात मामांचं पीठ संपत आलं. इथल्या मैद्याला ते पीठ मानत नव्हते. भाकरीची चतकोर झाली, पण माणूस हटेना.

वाट कुंदानंच काढली. जेवताना, म्हणजे आम्ही जेवत असताना आणि मामा दारात खुर्ची टाकून आम्हाला सोबत करत असताना, ती सहज म्हणाली, “आबा, इकडं रानात हरणं लई झाल्यात. पिकाची नासाडी करतात म्हणून मारायला सरकारची मोकळीक आहे. तुम्ही स्वतः शिकार केली, तर ते मटण कुणाचं?”

मामांच्या मिशा हलल्या. “ज्यानं मारलं त्याचं.”

“मग ते मी शिजवलं तर?”

मामांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, “मीठ-मसाला माझा आसंल तर जमंल.”

कुंदानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून दिला. नंतर कळलं की बंदूक आणायची होती.

परवाने आमच्याकडं होते. आल्या आल्या मित्रांच्या नादानं आम्ही दोघांनी परीक्षा दिली होती, पण बंदूक कधी घेतली नव्हती. परवानेवाला शेजारी असला की कायद्यानं मामांनाही ती चालवता येत होती. मी एक नवीकोरी घेऊन आलो आणि सगळ्यांच्या सल्ल्यानं मरेकडं सायलेन्सर बसवायला नेली. तिकडं बंदुकीला सायलेन्सर लावणं स्कूटरला लावण्याइतकंच साधं. कानाला त्रास नको, शेजारच्या मेंढ्या बिथरायला नकोत, एवढाच हिशेब.

मामांना हा प्रकारच मान्य नव्हता. “मळणीच्या बैलाला मुसकं बांधत्यात, बंदुकीला कशापायी? बंदुकीनं आवाज करायचा न्हाई तर काय करायचं?” त्यांनी त्याचं नाव मुसकं ठेवलं ते ठेवलंच. मरेचंही नाव त्यांनी बदललं होतं. “सकाळच्या पारी मान्साला मरे म्हणून हाक मारायची? नगं बाबा.” त्यामुळं मरे झाला मिस्त्री. तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

तर मिस्त्री खडू घेऊन उभा होता.

“हे बघा,” तो मला म्हणाला, “मुसकं बसवलं की बंदूक पुढं वीतभर वाढणार. चोवीस इंची नळीवर ते बसवलंत तर झाडीत वळताना प्रत्येक फांदीला धडकाल. कापली तर आटोपशीर होते. पण जितकी कापाल तितका गोळीचा वेग कमी आणि आवाज जास्त. तुम्ही लांबून मारणार की झाडीच्या कडेनं?”

“झाडीच्या कडेनं,” मी म्हणालो.

“मग सोळा. हरणाला फरक कळणार नाही.”

मी मामांना मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, “हरणाला न्हाई कळणार, पर मला कळंल की!” आणि लगेच जीभ चावली. जावयाच्या वस्तूला नाव ठेवलं, ही चूक त्यांच्या ध्यानात आली होती. “न्हाई, म्हंजे, तुमास्नी सोळा बरी वाटत आसंल तर सोळा.”

मला सोळाच हवी होती. लांब बंदूक खांद्यावर घेऊन मी दारातून आत येताना घरातला दिवा फोडला होता. पण मामांचा चेहरा पाहिला. उभा जन्म लांब नळीच्या बंदुका वागवलेला माणूस. मी म्हणालो, “नको मामा, लांबच बरी. आहे तशी ठेवू.”

“तसं कसं? तुमी मगाशी सोळा म्हणत हुता.”

“ते मिस्त्री म्हणत होता. मला स्वतःला लांबच आवडते.”

“मला बी आता वाटाय लागलंय, बारकी बरी. वय झालं. वजन पेलवाय नगं?”

“तुम्हाला पेलवत नाही? काल तुम्ही गॅसची टाकी एका हातानं उचलली.”

“ती गोष्ट येगळी. कापा म्हणतो मी!”

“मामा, मी कापू देणार नाही!”

म्हणजे आता मामा सोळासाठी भांडत होते आणि मी चोवीससाठी. मला सोळा हवी होती आणि त्यांना चोवीस. आपल्याकडं सासरे-जावयांत हे असंच असतं. जेवणात शेवटची पुरणपोळी दोघांपैकी कुणीच खात नाही, ती संध्याकाळी गाईला जाते. मरेला यातलं काही कळत नव्हतं, पण दोघं कशावरून तरी हातघाईवर आलेत एवढं दिसत होतं. त्यानं व्हाइसमधली बंदूक हळूच आपल्याकडं ओढून घेतली.

“अठरा,” कुंदा म्हणाली.

आम्ही दोघंही वळलो.

“अठरा इंच. तुमच्या दोघांच्या मानाला धक्का नाही.” मग मरेला इंग्रजीत सांगितलं, “अठरावर काप, आणि हे दोघं पुन्हा तोंड उघडायच्या आत काप.” ती गाडीत जाऊन बसली. मरेनं तिचं ऐकलं. करवत फिरली, आणि कुणालाच नको असलेली बंदूक तयार झाली.

शिकारीची जागाही मरेनंच दिली. त्याच्या रानाला लागून जंगल होतं. गुरांसाठी पेरलेले सलगम खायला हरणं भल्या पहाटे बाहेर पडायची. पहिल्या दिवशी मी आणि मामा दोघंच गेलो. कुंपणाच्या आडोशाला पोतं अंथरून पालथे पडलो. मामांच्या हातात बंदूक होती, आणि मला खरंच वाटलं की आज आमच्या घरचा प्रश्न सुटणार. त्या आनंदात मला थंडीही वाजत नव्हती.

उजाडता उजाडता एक मादी आली. चांगली पोसलेली, अगदी टप्प्यात. मामांनी बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला. आणि मग त्यांनी बंदूक खाली घेतली.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “पयली शिकार तुमची. बंदूक तुमची, पयला मान तुमचा.”

हे ते कुजबुजले, असं त्यांचं मत होतं. हरणानं मान वर केली.

“मामा, मारा हो!”

“न्हाई, रीत हाय ती.”

आता सुभेदार माणूस भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात देत नसतो. त्यांनी बोल्ट, म्हणजे बंदुकीची मागची खिटी, मागं ओढला, गोळी काढली, नळी मोकळी आहे हे मला दाखवलं आणि मग बंदूक दिली. खट, खटाक. मी कसाबसा पुन्हा बोल्ट ओढून गोळी भरली. खट, खटाक. पण मी मारलं तर ते मटण माझं, मग मामा खाणार कसे? हे आठवून मी बंदूक परत त्यांच्याकडं करू लागलो. त्यांनी डोळे वटारले. “भरलेली देता व्हय? आदी रिकामी करा!” मी रिकामी केली. खट, खटाक. तोवर हरणानं सलगमचा पाला तोंडात तसाच ठेवून आमच्याकडं अगदी नीट पाहून घेतलं आणि ते झाडीत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. कुंदानं शांतपणे ऐकलं. “बंदुकीला मुसकं बांधलंत,” ती म्हणाली, “पण आबांना कोण बांधणार? उद्या मी येते.”

दुसऱ्या दिवशी पोत्यावर तिघं. कुंदा मधे, आम्ही दोन बाजूंना. आमच्यात बोलणं होऊ नये म्हणून तिनं ही बैठक ठरवली होती. बंदूक मामांच्या हातात. तिनं बजावलं होतं, “आबा, हरीण आलं की मारायचं. मान, रीत, पाव्हणं, काही नाही.” मामांनी मान डोलावली.

हरीण आलं. थोडं लांब, पण आडवं उभं. मामांनी नेम धरला. मी डोळे मिटून भैरोबाची करुणा भाकली. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर मामा पापण्यांची उघडझाप करत होते. गार वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, पुन्हा नेम धरला, पुन्हा पुसले.

“दिसंना,” ते म्हणाले. यावेळी मात्र ते खरोखर कुजबुजले. मग सवयीनं त्यांनी बोल्ट ओढून गोळी काढली आणि मला द्यायला बंदूक कुंदाच्या अंगावरून पुढं केली.

ती वाटेतच कुंदानं धरली. गोळी भरली, गाल दस्त्याला टेकवला. अगदी सहज, रोजचं काम असल्यासारखं. मला ती बंदूक लांब वाटली होती आणि मामांना आखूड, पण कुंदाच्या हातात ती तिच्यासाठीच केलेली दिसत होती. एक जाड, दबका आवाज झाला. हरीण दोन पावलं चाललं, गुडघ्यावर आलं आणि आडवं झालं.

“उडाली का?” मामांनी विचारलं. त्यांना आवाजाची अपेक्षा होती.

“उडाली,” कुंदा म्हणाली.

मामा उठले. हरणापाशी गेले, वाकून जखम पाहिली, आणि तिथूनच त्यांच्या खऱ्या आवाजात गरजले, “अगं, खांद्याच्या मागं! बरुब्बर! कुणी शिकिवलं गं तुला?”

“एनसीसीत, कॉलेजात. तुम्ही तेव्हा सरहद्दीवर होता.”

मामांनी डोक्यावरची माकडटोपी काढून हवेत उडवली. सत्तरीचा माणूस, टोपी कुंपणाच्या तारेवर अडकली, तरी त्यांचं हसू थांबेना. कुंदाही हसत होती. बऱ्याच दिवसांनी मी तिला तसं हसताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. माझ्याही डोक्यात त्याच वेळी उजेड पडला. ज्यानं मारलं त्याचं. शिकार लेकीची झाली होती.

हरीण गाडीत टाकून आम्ही घरी परतलो.

संध्याकाळी तिनं रस्सा केला. आपल्याकडं करतात तसा, कांदा-खोबरं भाजून, वाटून. मामांचा मसाला तिनं वापरला नाही, मुद्दाम स्वतःचा वापरला. ताट वाढलं आणि ते घेऊन ती सरळ गॅरेजमध्ये गेली. मी मागोमाग गेलो. मामा स्टोव्हपुढं पाटावर बसले होते. पिठाच्या डब्याच्या तळाशी जे काही होतं ते मळत होते. तिनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं.

“आबा, एवढं खा.”

“कुंदे, ठरलंय आपलं.”

“काय ठरलंय? माझं घर घर नाही, हे ठरलंय? मी बाई पुरती झाले नाही, हे ठरलंय? आल्यापासून रोज तुम्ही उपाशी राहून मला हेच सांगताय. तोंडानं बोला की एकदा!”

मामांचे हात पिठातच थांबले. “आसं वाटलं व्हय तुला?”

“मग काय वाटावं?”

मामांनी बोटांचं पीठ परातीच्या कडेला पुसलं. मग म्हणाले, “रिवाज कोण पाळतंय आता? मी बी न्हाई पाळत. तुजं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या साली भैरोबाला बोललो हुतो. हिच्या घरात लेकरू रांगंल तवाच हिच्या घरचा घास घीन. तुला दोष द्याया न्हाई गं. देवाला सारखी याद ऱ्हावी म्हणून. म्हातारा उपाशी हाय म्हणल्यावर तो इसरणार न्हाई, आसं वाटलं. आता खाल्लं तर सोडून दिल्यावानी हुईल.”

कुंदा त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली. तिचा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. “आबा, आम्ही कधीच सोडलं,” ती म्हणाली. “आता काही दुखत नाही. फक्त तुम्ही वाट बघत बसलेले दिसता ना, ते दुखतं.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, “मामा, खरं आहे तिचं.”

त्यांनी हात धुतले. देवाच्याच पाण्यानं. ताट जवळ ओढलं, भाताचा पहिला घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबले. तो घास त्यांनी ताटाच्या कडेला जमिनीवर ठेवला, हात जोडले, आणि भैरोबा साताऱ्यात आहे हे लक्षात घेऊन, आवाज मुळीच न आवरता म्हणाले, “देवा, वाट बघून दमलो. पोरीचा दोष न्हाई, बोल मी मोडतोय. आता जेवतो.”

आणि ते जेवले. मान खाली घालून, भराभर. कुंदाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पदरानं पुसतही नव्हती. ताट अर्धं झाल्यावर मामांनी मान वर केली.

“तिखट कमी पडलंय,” ते म्हणाले. “वाढ आजून.”

ती पातेलं आणायला आत धावली. मी माझंही ताट घेऊन आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.